धंद्याची खावटी कुठाय?

मागच्या आठवड्यातली गोष्ट. पेठच्या एसटी स्टँडजवळ चहा पीत उभा होतो. ओळखीचा एक पिकअपवाला बाजूला येऊन थांबला. चहा घेतला, पण पिईना. नुसता फोन हातात फिरवत होता. म्हटलं, काय झालं भाऊ? तर म्हणाला, "दिंडोरीच्या मालकाचा फोन होता. यंदा टोळी निम्मीच आणा म्हणतोय. बागेत घडच नाहीत, तर माणसं आणून काय करू, असं म्हणाला."

फोन दोन मिनिटांचा. पण त्या दोन मिनिटांत या माणसाचा पुढच्या चार महिन्यांचा हिशोब मोडला. गाडी कर्जावर आहे. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत तिची चाकं थांबत नाहीत. पहाटे पाड्यांवरून माणसं घ्यायची, सावळघाट चढून बागांवर सोडायची, अंधार पडला की परत आणायची. (पिकअपमध्ये माणसं भरणं कायद्यात बसत नाही, हे मला माहीत आहे. त्यावर वेगळं लिहीन, आज विषय दुसरा आहे.) या चार महिन्यांच्या कमाईवर वर्षाचे हप्ते, पोरांच्या फिया, पावसाळ्यातलं खाणं, सगळं चालतं. त्याला विचारलं, निम्मीच टोळी गेली तर मग काय करशील? तर माझ्याकडे असा बघायला लागला, की मी काहीतरी भलतंच विचारलं.

त्याचा तो चेहरा डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे. पेठच्या बाजारात ज्याचं दुकान, गाडी, गिरणी, हॉटेल, काहीही आहे त्याने शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

तुम्ही म्हणाल, द्राक्षं दिंडोरी-निफाडची, त्यात पेठचं काय? आपल्याकडे भात, नागली, वरई, आंबा. बरोबर आहे. पण आपल्या बाजारात फिरणारा रोख पैसा कुठून येतो ते एकदा बघा. पावसाळ्याचं पीक आपण मुख्यतः खातो, विकतो थोडं. रोकड येते ती बागांवरून. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. त्यानंतर पेस्ट लावणं, वांझ फूट काढणं, शेंडे मारणं, मणी विरळणी, डिपिंग आणि शेवटी जानेवारी ते मार्च-एप्रिल माल काढणी. यातलं जवळपास प्रत्येक काम माणसाच्या हाताचं आहे आणि त्यातले कितीतरी हात पेठ, सुरगाणा, हरसूलचे आहेत. गिरणारेच्या नाक्यावर पहाटे जाऊन उभं राहा, निम्मे चेहरे ओळखीचे निघतील.

ही मजुरी आठवड्याला घरी येते आणि बाजाराच्या दिवशी दुकानात जाते. किराणावाला पावसाळ्यात उधारी देतो ती याच भरवशावर. कापडवाला शिमग्याचा माल भरतो तोही याच भरवशावर. मोबाईल रिचार्ज, मोटारसायकलचा हप्ता, लग्नाचा मंडप, डीजे, माझ्या दुकानातले फोटो आणि लग्नपत्रिकासुद्धा. म्हणजे द्राक्षाचा एक वेल पेठमध्ये नसला तरी पेठचा बाजार द्राक्षाच्या मांडवावरच चढलेला आहे. आपल्याला ते दिसत नाही, कारण मांडव पन्नास किलोमीटर लांब आहे.

आणि हा मांडव किती भरवशाचा? मी पत्रकारितेत आलो त्याला वीस-बावीस वर्षं झाली. तेवढ्यात काय काय पाहिलं ते सांगतो.

२०१० साली युरोपने आपली द्राक्षं अडवली. क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपले लोक ज्याला लिहोसिन म्हणतात त्याचा अंश सापडला म्हणून. माल बंदरात पडून राहिला, निर्यातदार बुडाले, बागायतदारांचे पैसे अडकले. पावसाने नाही, रोगाने नाही, प्रयोगशाळेतल्या एका कागदाने हंगाम घालवला.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन आलं ते ऐन काढणीत. माल वेलीवर, गाड्या बंद, बाजार समित्यांचा पत्ता नाही. कित्येकांनी गोड माल सुकवून बेदाणा केला, कित्येकांनी मातीमोल विकला. आपली माणसं डोक्यावर बोचकी घेऊन घाट उतरत आली, ते मी स्वतः पाहिलंय. हातात किती पैसे होते ते विचारायची तेव्हा हिंमत झाली नाही.

२६ नोव्हेंबर २०२३. रविवार होता. निफाड, दिंडोरीकडे गारपीट झाली आणि दुपारपर्यंत हिरव्या दिसणाऱ्या बागा संध्याकाळी फाटून गेल्या. त्याच डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, म्हणजे ज्याच्याकडे द्राक्ष आणि कांदा दोन्ही होतं त्याला दोन्हीकडून मार. मधल्या काळात बांगलादेशाने द्राक्षावरचं आयात शुल्क वाढवलं. ढाक्यात कुणीतरी सही करतो आणि पेठच्या पाड्यावर चूल कमी पेटते, इतकी ही साखळी लांब आहे.

आणि आता २०२५. यंदाचं नुकसान वेगळं आहे, म्हणून जरा समजून घ्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की नव्या काडीवर डोळे तयार होतात. त्या डोळ्यांत घड धरायचा की नुसती फूट काढायची, हे वेल त्या पुढच्या दीड-दोन महिन्यांत ठरवतो. त्याला तेव्हा कडक ऊन लागतं. यंदा मे महिन्यात ऊन होतं का? मेमध्येच पाऊस चालू झाला. मान्सून केरळात २४ मेला आला आणि २६ मेला मुंबईत, नेहमीपेक्षा खूपच लवकर. त्यानंतर थांबलाच नाही. दिवाळी झाली तरी हटेना. म्हणजे घाव मेमध्ये बसला, पण दिसला ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणीनंतर. फूट निघाली, घड निघाले नाहीत. बागायतदाराला ऑक्टोबरमध्ये कळलं, पिकअपवाल्याला नोव्हेंबरच्या शेवटी फोन आला आणि आपल्या किराणावाल्याला बहुतेक शिमग्याला कळेल, उधारी वसूल होणार नाही तेव्हा.

माझा मुद्दा इथे आहे. संकट सगळ्यांवर येतं, पण त्याची बातमी सगळ्यांना एकाच वेळी पोचत नाही. जो साखळीच्या शेवटी बसलाय त्याला सगळ्यात उशिरा कळतं. त्याच्याकडे तयारीला वेळ सगळ्यात कमी आणि गाठीला पैसाही सगळ्यात कमी.

वरच्या टोकाचे लोक काय करतात बघा. मोहाडीची सह्याद्री फार्म्स सगळ्यांना माहीत आहे. विलास शिंदे आणि त्यांच्यासोबतचे शेतकरी. त्यांनी सुरुवात द्राक्ष निर्यातीपासून केली, पण द्राक्षावरच बसून राहिले नाहीत. टोमॅटो घेतला, प्रक्रिया सुरू केली, इतर फळं-भाज्या आणल्या. लॉकडाऊनमध्ये बाहेरची गिऱ्हाइकं अडली तेव्हा फळं-भाज्यांच्या टोपल्या बांधून थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये पोचवल्या. एक दार बंद झालं तर दुसरं कुठलं, याचा विचार त्यांच्याकडे होता, गाड्या होत्या, शीतगृह होतं, माणसं होती. कौतुक आहेच. पण मोठ्यांचं जमतं ते मोठ्यांचं.

साधा बागायतदारही आता शहाणा झालाय. कुणी प्लास्टिकचं आच्छादन टाकतो, कुणी फळपीक विमा काढतो, कुणी निम्मी बाग काढून दुसरं पीक लावतो. मी त्याला दोष देत नाही, त्याच्यावरचं कर्ज मी पाहिलंय. पण त्याच्या बचतीतली पहिली कात्री कुठे लागते? टोळीवर. "निम्मीच आणा." त्याचा आपत्कालीन आराखडा म्हणजे आपलं संकट. आणि आपल्याकडे त्यावर उतारा काय? विमा? पिकाला विमा आहे. पिकावर मजुरी करणाऱ्याच्या बुडालेल्या दिवसांना नाही. त्या मजुराला उधारी देणाऱ्या दुकानदाराला नाही. त्याला ने-आण करणाऱ्या गाडीच्या हप्त्याला नाही. गाडीचा विमा अपघाताचा असतो, रिकामी उभी राहिली त्याचा नसतो.

आता गंमत बघा. हे "आपत्कालीन नियोजन" वगैरे शब्द आपल्याला तहसील कचेरीतले वाटतात. दरवर्षी मेमध्ये मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, मी बातमी करतो. दरड कुठे कोसळू शकते, साथरोगाची औषधं आहेत का, धान्य पोचलं का, कुणाचा फोन नंबर काय. चांगलंच आहे ते. पण बाजारात पैसा आला नाही तर काय, हा प्रश्न त्या बैठकीत मी कधी ऐकला नाही.

आणि तरीही आपल्या आजी-आजोबांना हे सगळं येत होतं. त्यासाठी त्यांच्याकडे शब्दही होता, खावटी. पावसाळ्यात घरात दाणा कमी पडू नये म्हणून बाजूला काढून ठेवलेलं ते खावटी. शेणाने सारवलेली बांबूची कणगी, तिच्यात नागली. नागलीच का? कारण तिला कीड लागत नाही, नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. भाताचं वर्ष गेलं तर नागली, नागली कमी आली तर वरई, तीही नसेल तर रानातले कंद, भाज्या. एका गोष्टीवर घर ठेवायचं नाही, हे कुणी शिकवायला आलं नव्हतं. २०२३ साली जगाने भरडधान्य वर्ष साजरं केलं. आपल्याकडेही कार्यक्रम झाले, नागलीचे पापड, बिस्किटं मांडली, मंत्र्यांच्या हातात दिली, फोटो मीच काढले. पण नागलीची खरी गोष्ट बिस्किटाची नाही. ती कणगीत पडून राहते, ही तिची खरी गोष्ट आहे.

सरकारने तो शब्द उचलला आणि आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना आली. करोनात २०२०-२१ ला ती खावटी अनुदान म्हणून आली, कुटुंबाला चार हजार, दोन हजार रोख आणि दोन हजारांच्या वस्तू. मिळाले, उशिरा मिळाले, वस्तूंवरून तक्रारी झाल्या, ते सगळं आपण लिहिलंच. पण हळूहळू आपल्या डोक्यात बसलं, की खावटी म्हणजे सरकार देतं ते. आपण ठेवायची गोष्ट होती, ती मागायची गोष्ट झाली. आणि घराची तरी खावटी होती, धंद्याची कधी नव्हतीच. कारण आपल्या आजोबांना धंदा नव्हता. आपण पहिल्या-दुसऱ्या पिढीचे धंदेवाले. दुकान टाकायला शिकलो, कर्ज काढायला शिकलो, बोर्ड रंगवायला शिकलो. कणगी भरायची तेवढी राहून गेली.

दुसऱ्याला सांगण्याआधी माझं सांगतो. आमचं झेरॉक्स-स्टेशनरीचं छोटं दुकान आहे, मुख्यतः बायकोच बघते. वृत्तपत्राच्या मानधनावर तालुक्याच्या गावात घर चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, लपवायचं काय. २०२० च्या आधी आमचं निम्म्याहून जास्त काम एकाच संस्थेचं होतं. प्रश्नपत्रिका, रजिस्टरं, अहवाल. संस्थेचं नाव नको, गावात राहायचंय. आम्हाला त्याचा अभिमान होता, मोठं गिऱ्हाईक आहे म्हणून. बिल मार्चअखेर मिळायचं. त्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. बिल अडकलं. दुकान बंद. दिवाळीच्या पुरवणीच्या जाहिरातींचे पैसेही लोकांकडून यायचे होते, ते कोण देणार? नाशिकच्या कागदवाल्याला मात्र रोख हवे. बायकोचं सोनं बँकेत ठेवलं. ते बिल चौदा महिन्यांनी मिळालं, तेही कापून.

त्या चौदा महिन्यांत बायको एकदा म्हणाली, "आपल्या आईकडे कणगी होती, आपल्याकडे नुसतं शटर आहे." मला जर्नालिझमच्या डिप्लोमात अर्थशास्त्राचा पेपर होता, पासही झालो होतो. पण जे कळलं ते त्या वाक्याने.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, कुठल्याही एका गिऱ्हाइकाचं काम एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. जड गेलं. आलेलं काम कोण सोडतो? पण ऑनलाइन अर्ज, फोटो, लॅमिनेशन असं किरकोळ वाढवत नेलं. दुसरी, वेगळं बँक खातं. त्याचं कार्ड नाही, फोनवर ॲप नाही, पैसे काढायला बँकेत रांगेत उभं राहावं लागतं. रोज गल्ला मोजताना दहा-वीस-पन्नास जे निघेल ते बाजूला आणि आठवड्याला तिथे जमा. घरात आम्ही त्या खात्याला कणगीच म्हणतो. मी काही मोठा शहाणा झालो असं नाही. पाच वर्षांत ती कणगी दोनदा तळापर्यंत रिकामी झाली, एकदा मशीनचं काम निघालं तेव्हा आणि एकदा आईच्या दवाखान्यात. पण सोनं पुन्हा ठेवावं लागलं नाही.

आता बाजाराकडे येतो. यंदाचा शिमगा मार्चच्या सुरुवातीला आहे. म्हणजे हातात तीन महिने आहेत. बातमी आपल्याला लवकर कळली आहे, हे एवढं तरी यंदा बरं.

किराणा आणि कापडवाल्यांना पहिलं सांगणं. शिमग्याचा माल भरायला नाशिकला जाण्याआधी दहा मुकादमांना फोन करा. गेल्या वर्षी किती टोळ्या गेल्या, यंदा किती बोलावल्यात, किती दिवसांचं काम सांगितलंय, एवढं विचारा आणि वहीत लिहा. हवामान खातं पावसाचा अंदाज देतं, आपल्या बाजाराचा अंदाज फक्त मुकादमाकडे आहे. तो रोज आपल्याच दुकानासमोरून जातो आणि आपण त्याला फक्त "काय पाटील, बरं का" म्हणतो. निम्म्या टोळ्या गेल्या तर माल गेल्या वर्षीएवढा कशाला भरायचा? नाशिकच्या होलसेलवाल्याची उधारी शिमग्यानंतर थांबत नाही. उधारीचंही तसंच. उधारी बंद करा असं मी म्हणणार नाही, पेठमध्ये उधारी बंद केली तर उपासमार होईल आणि दुकानही बंद पडेल. पण तेल, मीठ, डाळ, तांदूळ यांची उधारी वेगळी आणि मोबाईल, डेकोरेशन, दारातल्या मंडपाची वेगळी. पहिली चालू ठेवायची असेल तर दुसरी आवरावी लागेल.

मुकादमांना. तुम्ही मालकाकडून उचल घेता आणि पाड्यावर वाटता. काम झालं नाही तर ती उचल पुढच्या वर्षीचं ओझं होऊन राहते, मजुरावर आणि तुमच्यावरही. यंदा उचल घेताना मालकाशी एवढं बोलून घ्या, की काम रद्द झालं तर किती दिवस आधी सांगणार आणि माणसं बागेवर पोचल्यावर परत पाठवली तर त्या दिवसाचं काय. कागदावर झालं तर उत्तम, निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मालक चिडेल असं वाटतं, पण जे बागायतदार मी ओळखतो ते स्वतः निर्यातदाराकडून असंच लिहून घ्यायला शिकलेत, ठेच लागल्यावर.

पिकअपवाल्यांनो, हप्ता थकायच्या आधी बँकेत जा, थकल्यावर नाही. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीएत जातं, मग मॅनेजरच्या हातातही फारसं राहत नाही. आधी गेलात तर हप्ता कमी करून मुदत वाढवणं, तारीख पुढे-मागे करणं, असं काही तरी बोलता येतं. आणि गाडीला दुसरा रस्ता शोधा. आपण नाशिककडेच तोंड करून बसलोय. कपराडा-वापीचा रस्ताही आपल्याच दारातून जातो. तिकडे मालवाहतूक आहे, कारखाने आहेत. मिळेलच असं नाही, पण विचारलं तरी पाहिजे, आणि ते गाडी रिकामी उभी राहिल्यावर नाही, आत्ता.

आंब्यावाल्यांचा विषय मोठा आहे, थोडक्यात सांगतो. बाएफच्या वाडीपासून आपल्याकडे केशर रुजला, चांगला रुजला. पण आपला आंबा उशिराचा, मेअखेर-जूनमधला. यंदा मेमध्येच पाऊस आला आणि काय झालं ते झाडाखाली पडलेलं सगळ्यांनी पाहिलं. सगळं फळ पिकवूनच विकायचं, हा हट्ट आता परवडणारा नाही. थोडा कैरीत द्या, लोणचंवाल्यांना. थोडी आंबोशी करा. भाव कमी मिळतो, मान्य. पण झाडाखाली कुजलेल्या आंब्याला काहीच मिळत नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, पत्रकार, तुझं दुकान आहे म्हणून बोलतोस. ज्याचं हातावर पोट त्याने काय बाजूला ठेवायचं? खरं आहे. या प्रश्नाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. दिवसाची मजुरी दिवसात संपते तिथे बचतीचे धडे देणं हा आगाऊपणा आहे. म्हणून मी वर मजुराला काही सांगितलं नाही, धंदेवाल्यालाच सांगितलं. मजुराची खावटी ही आता त्याच्या एकट्याच्या गाठीची गोष्ट राहिलेली नाही, ती कायद्यातली गोष्ट आहे. १९७२ च्या दुष्काळात या महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. देशाने तो धडा नंतर आपल्याकडून घेतला. आज पेठमध्ये ती हमी कुठे आहे? जॉबकार्ड डब्यात आहे, काम शेल्फवर आहे, मजूर नाक्यावर आहे.

नमुना नंबर चार भरून काम मागितलं तर पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारी भत्ता. हे किती पाड्यांवर माहीत आहे? आणि ज्यांना माहीत आहे ते मागत का नाहीत? कारण पैसे उशिरा येतात आणि बागेवर आठवड्याला मिळतात. माणूस वेडा नाही. पण यंदा बागेवरच काम नाही. म्हणून ग्रामसेवकांना, रोजगार सेवकांना आणि पंचायत समितीला जाहीर विनंती आहे, की जानेवारीत पेठ तालुक्यात कामाची मागणी वाढणार हे गृहीत धरून कामं आत्ता शेल्फवरून खाली काढा. बांधबंदिस्ती, गाळ काढणं, रस्ते, पाणवठे. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची काय अवस्था असते ते मी नव्याने सांगायला नको. एवढा पाऊस पडूनही मार्चपासून बायका हंडे घेऊन फिरणार. मग हीच माणसं, याच तीन महिन्यांत, हीच कामं का करू शकत नाहीत? आणि मस्टर वेळेवर भरलं, पैसे वेळेवर आले, तर किराणावाल्याच्या उधारीचा प्रश्नही निम्मा तिथेच सुटतो. दुकानदारांनी म्हणून यात लक्ष घालावं. मजुराचा मोर्चा निघाला की आपण शटर अर्धं ओढतो. यंदा त्या मोर्चात एक-दोन दुकानदार दिसले तर मला बातमीला फोटो चांगला मिळेल.

मी स्वतः एक काम सुरू केलंय. ओळखीच्या मुकादमांना फोन करून यंदा कुठल्या गावातून किती माणसं जाणार, गेल्या वर्षी किती गेली होती, हे लिहून काढतोय. आतापर्यंत सात जणांशी बोललो. सातपैकी पाच जण म्हणाले, कमी बोलावलंय. दोघांना अजून फोनच आलेला नाही. सात म्हणजे काही सर्व्हे नाही, मला माहीत आहे. तुमच्या पाड्यावरचा मुकादम, पिकअपवाला, दुकानदार जे सांगतील ते मला कळवा. नाव छापणार नाही. जमलेलं सगळं डिसेंबरअखेर इथेच टाकीन आणि एक प्रत तहसीलदारांना देईन, म्हणजे मग "आमच्यापर्यंत माहिती आली नाही" असं कुणाला म्हणता येणार नाही.

तो पिकअपवाला काल दुकानात आला होता. बँकेत जाऊन आला म्हणे. मॅनेजर म्हणाले, हप्त्याचं काय ते अर्जात लिहून द्या, वर पाठवतो. अर्ज बायकोने टाईप करून दिला, दोन प्रती काढल्या. मी म्हटलं, राहू दे पैसे. त्याने ऐकलं नाही, वीस रुपये काउंटरवर ठेवून गेला. बायकोने उचलले आणि कणगीच्या डब्यात टाकले.